मुठीकडचा माणूस

माझ्या कादंबरीवर एक मुलगी पीएच.डी. करते आहे, हे मी पहिल्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे. त्या इस्त्रीवाल्यालाही मी सांगितलं. तो कॉलर दाबत म्हणाला, "म्हंजे सर, तुमच्यावर चौकशी बसली म्हणा की." मी हसलो आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, लोकांना संशोधन म्हणजे काय हेच कळत नाही. पुढच्या पाच महिन्यांत लक्षात आलं, की त्या गल्लीत संशोधनाची सगळ्यात नेमकी व्याख्या त्यालाच येत होती.

ही कादंबरी म्हणजे माझं एकुलतं एक पुस्तक. मी बेळगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि मराठी शिकवणाऱ्यानं एक तरी पुस्तक काढावं, अशी आमच्यात रीत आहे. माझं निघून बारा वर्षं झाली. न खपलेल्या प्रती आमच्या पलंगाखालच्या खणात आहेत. बायको दर दिवाळीला त्या बाहेर काढते, झटकते, डांबरगोळ्या बदलते आणि परत आत ठेवते. माझ्या साहित्याला अजून वाळवी लागलेली नाही ती तिच्यामुळे.

कादंबरीत दोन भाऊ आहेत. निपाणीकडचं एक खेडं, तंबाखूची शेती, गोठ्यात कडबा बारीक करायचं हातानं फिरवायचं कुट्टीचं यंत्र. एक भाऊ कडब्याची पेंढी आत सरकवतोय आणि दुसरा चाकाची मूठ धरून चाक फिरवतोय. थोरल्याच्या मनात धाकट्याबद्दल काहीतरी साठलेलं असतं. धाकट्याचा हात आत असताना तो चाक फिरवतो आणि धाकट्याची दोन बोटं जातात. पुढं दोनशे पानं धाकटा त्याला क्षमा करत नाही. शेवटच्या पानावर थोरला मरायला टेकलेला आहे, धाकट्याची वाट बघतोय, आणि धाकटा घरावरून पुढं चालत जाऊन बस पकडतो. एका परीक्षणात 'अंगावर येणारा शेवट' असं छापून आलं होतं. ते वाक्य मी तेव्हापासून माझ्या प्रत्येक परिचयपत्रात घालतो.

पुस्तक आल्यावर लोक माझ्या हाताकडे बघायला लागले. निपाणीत एका वाचनालयात कार्यक्रम होता. तिथं एका वयस्कर बाईंनी माझा उजवा हात हातात घेतला, उलटासुलटा केला, बोटं मोजली आणि पाचही जागेवर आहेत म्हटल्यावर जरा नाराज होऊनच सोडला. मलपृष्ठावरच्या फोटोत माझा उजवा हात शालीखाली आहे. ती कल्पना फोटो काढणाऱ्याची होती, पण मी काही हात बाहेर काढला नाही.

गेलेली बोटं माझ्या थोरल्या भावाची आहेत. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. तो तेरा वर्षांचा होता, मी दहा, आणि मूठ माझ्या हातात होती. लिहिताना मी थोरल्याच्या जागी धाकटा आणि धाकट्याच्या जागी थोरला केला, आणि कुणी विचारलंच तर सांगायला 'कलात्मक स्वातंत्र्य' हा शब्द खिशात ठेवला.

ही अदलाबदल मी बिनधास्त केली, कारण अण्णाला मराठी वाचता येत नाही अशी माझी खात्री होती. त्याची गोष्ट अशी. आमचे वडील, आप्पा, हे सावध गृहस्थ. सीमाभाग महाराष्ट्रात जाणार की कर्नाटकात राहणार यावर गावात रोज पारावर वाद चालायचे. आप्पा त्या वादात कधी पडले नाहीत. त्यांनी थोरल्याला कानडी शाळेत घातलं आणि धाकट्याला मराठी. राज्य कुठलंही होवो, कचेरीत कागद वाचायला एक पोरगा घरचा असेल, असा त्यांचा विचार. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांनी तो केला. त्यामुळे आम्ही दोघं भाऊ एका ताटात जेवून दोन दिशांना शाळेला जायचो आणि संध्याकाळी एकमेकांची पुस्तकं उघडून उलटी धरून हसायचो. कादंबरी आली तेव्हा मी अण्णाला पहिली प्रत सही करून दिली. 'ज्याच्यामुळे हे लिहिता आलं त्या अण्णास' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. ज्याला वाचता येणार नाही त्याला पुस्तक अर्पण करण्यात एक सोय असते. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि देवळीत ठेवून दिलं.

आता मूळ प्रकार. आमचं घर जैनांचं. सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, कांदा-लसूण नाही. मुंगी मारली तर आई दिवसभर बोलायची नाही. भावानं भावाला मारण्याविषयी मात्र शास्त्रात स्वतंत्र कलम नसावं, कारण आम्ही रोज मारामाऱ्या करायचो. म्हणजे मारायचो मी. अण्णा हात धरून ठेवायचा. तो मुळातच चांगला होता आणि त्याच्या शेजारी वाढणं हे फार दमवणारं काम होतं. त्या वर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्वात आम्ही दोघांनी एक दिवस कडक उपवास धरला. दुपारी मी माळ्यावर जाऊन गूळ-शेंगदाणे खाल्ले. खाली बघतो तर शिडीशी अण्णा. त्यानं बघितलं आणि काहीच बोलला नाही. संध्याकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, सगळ्यांसमोर दोघांचं कौतुक झालं. तेव्हाही तो काही बोलला नाही. त्यानं चुगली केली असती तर मी त्याला दोन बुक्के मारून मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात आम्ही कुट्टी करत होतो. पेंढी अडकली. अण्णा "थांब" म्हणाला आणि अडकलेला कडबा काढायला त्यानं हात आत घातला. मी अर्धा फेरा फिरवला.

अण्णानं आप्पांना सांगितलं, माझाच हात घसरला. कुणाच्या तरी फटफटीवर बसवून त्याला निपाणीला डॉक्टरकडे नेलं. उजव्या हाताची पहिली दोन बोटं मधल्या पेरापासून गेली. पेन धरता येईना म्हणून वर्षभरानं त्यानं शाळा सोडली आणि शेती धरली. मी शिकलो, पुढं शिकलो, आणि शिकवायला लागलो.

एम.ए.च्या वर्गाला मी काय शिकवतो, तर मानसविश्लेषणात्मक समीक्षा. फळ्यावर समुद्रातला बर्फाचा डोंगर काढतो, थोडा वर, बाकीचा पाण्याखाली. बेळगावच्या मुलांनी बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवर बघितलेला असतो, तरी ती वहीत डोंगर काढून घेतात. कुठल्याही कथेतलं भावाभावाचं भांडण मला द्या, पंधरा मिनिटांत मी त्याच्या तळातून आईच्या मांडीवरची जागा वर काढून दाखवतो. अपराधभाव कसा रूप बदलतो, हिंसा कशी सौजन्याच्या वेशात येते, यावर मी तीन चर्चासत्रांत निबंध वाचले आहेत. हे सगळं ज्ञान मी एका प्रश्नासाठी गोळा केलं होतं. तो अर्धा फेरा हातून झाला की मी केला? पुस्तकं चांगली असतात. 'अबोध मनाने केला' असं उत्तर त्यांत मिळतं, आणि अबोध मन कुणी पोलिसात देत नाही.

आमच्या धर्मानंही माझी सोय करून ठेवली होती. दशलक्षण संपलं की क्षमावाणी येते. त्या दिवशी लहानमोठ्या सगळ्यांची क्षमा मागायची, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणून. मी दर वर्षी बेळगावहून गावी जाऊन अण्णाच्या पाया पडून ते म्हणत आलो आहे. 'कळत' हा शब्द मी जरा भरभर म्हणायचो आणि 'नकळत'वर थांबायचो. अण्णाही हात जोडून तेच म्हणायचा. मग आम्ही जेवायचो.

संशोधक मुलगी मूळ निपाणीची, आता आईवडिलांबरोबर बेळगावजवळ मच्छ्याला राहणारी. तिच्या आजीनं उभा जन्म निपाणीत विड्या वळल्या, वडील बेळगावात इंजिनिअर. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तिला तीन तास माझी जडणघडण सांगितली. तिनं लिहून घेतलं अर्ध्या पानाइतकं. मला ते खटकलं, पण नम्र मुलगी आहे, मनात साठवत असेल, अशी मी समजूत करून घेतली. माझ्या बायकोनं तिला चहा देताना विचारलं, "ह्यांच्यात एवढं काय सापडणार गं तुला?" ती म्हणाली, "बघूया की, काकू."

तिनं पहिलं प्रकरण पाठवलं तेव्हा मी ते पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. सुरुवातीला मजा आली. कादंबरीतली म्हैस म्हणजे आई होती. कडबा म्हणजे वात्सल्य, जे बारीक करूनच मिळतं. गोठ्याचा अंधार म्हणजे गर्भ. आमच्या गोठ्यात अंधार होता, कारण बल्ब उडाला होता आणि तो बदलायला कुणाला वेळ नव्हता. तरी मी समासात 'सुंदर निरीक्षण' असं लिहीत गेलो. गर्भ म्हटल्यावर बल्बचं कोण सांगणार?

मग सदतिसावं पान आलं. तिथं तिनं साध्या भाषेत लिहिलं होतं. या कादंबरीत ज्याची बोटं जातात तो धाकटा सगळी गोष्ट सांगतो. पण पात्याबद्दल त्याला काही माहीत नाही. पातं कसं दिसतं, थंड लागतं की गरम, कळ कुठून कुठवर गेली, यातलं एकही वाक्य पुस्तकात नाही. त्याला माहीत आहे ती मूठ. मुठीचं लाकूड कसं गुळगुळीत झालंय, घामानं ती कशी निसटते, चाक जड जायला लागलं की खांद्यात काय होतं, हे तो नऊ वेळा सांगतो. ज्याची बोटं गेली त्याला मुठीचं इतकं कसं ठाऊक? निवेदक स्वतःला पात्याकडचा म्हणवतो, पण तो मुठीकडचा माणूस आहे. आणि खाली तळटीप होती, की लेखकाशी याबद्दल बोलणं बाकी आहे.

मी पेन्सिल खाली ठेवली. मला घाम फुटला. बायकोनं विचारलं, बी.पी.ची गोळी घेतली का. मी घेतली नव्हती, ती घेतली, उपयोग झाला नाही.

पुढच्या भेटीत मी तिला अधिकारवाणीनं समजावलं, की लेखक आणि निवेदक एक नसतात, हे आपण पहिल्या सत्रात शिकतो. ती "व्हय सर" म्हणाली. मी विचारलं, हे मुठीचं तुला सुचलं कुठून, कुठल्या ग्रंथात आहे? ती म्हणाली, ग्रंथात नाही. तिच्या आजीला माणसाच्या हाताकडे बघून तो काय काम करतो ते कळायचं, विड्या वळणारी कोण, तंबाखू झाडणारी कोण, नुसती मुकादम कोण. ती आजीच्या मांडीवर बसून हेच शिकली. मी तीन चर्चासत्रांत वाचलेले निबंध त्या वेळी मला आठवले आणि विसरलेले बरे वाटले.

मग तिनं सांगितलं की तिला गोठा आणि यंत्र बघायचंय, घरच्यांशी बोलायचंय. मी सांगितलं की गोठा पडला, यंत्र भंगारात गेलं आणि माझा भाऊ फारसा बोलत नाही, त्यात तो कानडी शिकलेला. तिन्ही थापा. चार दिवसांनी अण्णाचाच फोन आला. गावातली एक मुलगी तिच्या ओळखीची निघाली होती, तिच्याकडून नंबर मिळवून तिनं फोन केला होता. अण्णा म्हणाला, पोरगी लई चांगली बोलती, ये म्हटलंय रविवारी, तूबी ये.

रविवारी लाल बसनं आम्ही निघालो. तासभर मी तिला अबोध मनाविषयी सांगत होतो. संकेश्वर गेल्यावर ती झोपली किंवा तिनं तसं दाखवलं. तवंदी घाट उतरला की माझी भाषा बदलते, कॉलेजातली मराठी घाटाच्या वर राहते आणि खाली मी 'न्हाय' आणि 'लई' बोलायला लागतो. त्या दिवशी मला दोन्ही येईनात. माझ्या डोक्यात एकच होतं. ती अण्णाचा हात बघणार, मग पुस्तकात काय आहे ते त्याला सांगणार, आणि बावन्न वर्षं जो मला कधी उलटा शब्द बोलला नाही तो भाऊ आज माझ्याकडे कसा बघेल.

अण्णा दारातच होता. त्यानं तिला नमस्कार केला आणि तिनं बघितलं. नमस्कार करताना ती बोटं लपवता येत नाहीत आणि अण्णानं ती कधी लपवलीही नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे. वहिनीनं पोहे दिले. मी पोह्यांवर बोललो, पावसावर बोललो, तंबाखू सोडून लोक ऊस का लावतात यावर बोललो. अण्णा ऐकत होता. तिनं यंत्र विचारलं तेव्हा अण्णा तिला मागं घेऊन गेला. आता गोठ्यात मोटरवरचं यंत्र आहे. जुनं मागच्या भिंतीला टेकवून ठेवलंय आणि वहिनीनं त्याच्या चाकावर दोडक्याचा वेल सोडलाय. चांगले लांब दोडके लागले होते. मुलीनं वेल जरा बाजूला करून मुठीवर हात ठेवला, काढला, आणि फोटो घेतला.

परत सोप्यावर येऊन बसलो. तिनं वही उघडली आणि अण्णाला सरळ विचारलं, "काका, सरांचं पुस्तक तुमाला कुणी वाचून दाखवलं का?"

मी घाईनं म्हणालो, अगं त्याला मराठी—

अण्णा म्हणाला, "मीच वाचलं की."

मी कधी, म्हणून विचारलं. तो म्हणाला, बारा वर्षं झाली की, तू दिलंस त्याच साली. रोज सकाळी बस्तीतनं आलं की एक पान. सात-आठ महिने पुरलं. मी म्हणालो, पण तू तर कानडी शाळेत. नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं अण्णानं माझ्याकडे बघितलं, पण तो शिक्षक नव्हता म्हणून त्यात दया होती. म्हणाला, "आरं, बस्तीत रोज पोथी वाचतोय मी. ती काय कानडीत असती व्हय?"

चाळीस वर्षं मी त्याला ती पोथी वाचताना बघत आलो आहे. त्याच्या शेजारी बसलो आहे, त्याचं बोट चुकलं तर ओळ दाखवली आहे. आणि माझ्या मनात तो उलटं पुस्तक धरून हसणारा मुलगाच राहिला होता. मी भाषेचा प्राध्यापक आहे, हे इथं मुद्दाम नोंदवतो.

अण्णाच पुढं बोलायला लागला. मुलीशी बोलत होता, माझ्याकडे न बघता. म्हणाला, चांगलं लिव्हलंय, गोठा तर हुबेहूब. पण शेवटच्या पानापातुर वाट बघितली. मला वाटलं, आता करंल, आता करंल. धाकटा काय थोरल्याला क्षमा करत न्हाय. शेवटी मराय टेकलाय तरीबी न्हाय.

मग माझ्याकडे वळला. "तवापास्नं दर वर्साला तू क्षमा मागाय आलास की मला वाटायचं, ह्यो मागतोय कशापाय? चुकलंय माझं. काय चुकलंय त्ये मात्र मला घावना."

मी बारा वर्षं त्याला हे दिलं होतं. बोटं गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, कुणीही म्हणेल लहान होता. पुस्तक लिहिलं तेव्हा मी चाळिशीचा होतो, चष्मा लावून, टेबलाशी बसून, तीन खर्डे करून लिहिलं होतं. मला तिथंच शरमेनं मेल्यासारखं झालं. दर वर्षी मी 'नकळत'वर थांबत होतो, तेव्हा तो समोर हात जोडून उभा राहून आपली चूक शोधत होता.

मुलगी उठायला लागली. मी तिला बस म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही. ती गेली असती तर मी परत काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती, हे बहुधा मला ठाऊक असावं.

"अण्णा," मी म्हणालो, "मशीन मी फिरिवलं. हात निसटून न्हवं. तू थांब म्हणालेलं मला ऐकू आलतं."

अण्णा म्हणाला, "त्ये मला ठाव हाय की. मी तितंच हुतो."

मुलीला हसू आलं आणि तिनं तोंडावर वही धरली. मलाही हसू यायला हवं होतं. बेचाळीस वर्षं ज्याचा डोंगर करून मी फळ्यावर काढत होतो, ते त्यानं पेंढी उचलून बाजूला ठेवावी तसं ठेवलं. अण्णाला त्यात रस नव्हता. त्याला दुसरंच विचारायचं होतं. तो म्हणाला, "फिरिवलंस त्ये फिरिवलंस. पोरं आसतात. माझ्यावर एवढा राग कशाचा धरलास, त्ये सांग."

मी सांगायला लागलो. म्हणालो, असं असतं अण्णा, की आपल्या मनातला अपराधभाव आपल्याला सहन झाला नाही की आपण त्याचं समोरच्यावर आरोपण करतो, आणि मग त्या आरोपित— अण्णा खत विकायला आलेल्या एजंटाचं ऐकतात तसं शांतपणे ऐकत होता. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाला, "मराठीत सांग."

वहिनी आत भांडी लावत होती ती थांबली. मग माझ्या तोंडातून जे आलं ते मी कुठल्याही निबंधात लिहिलेलं नव्हतं, मनाशीही कधी बोललो नव्हतो.

"तू आप्पास्नी खरं सांगितलं न्हाईस म्हणून."

अण्णा म्हणाला, "सांगितलं आसतं तर तुला मारलं आसतं त्यांनी."

"व्हय."

"मग?"

"मारायला पायजे हुतं," मी म्हणालो, आणि माझा आवाज फुटला. मुलीसमोर, वहिनीला ऐकू जाईल असा. मी म्हणालो की तू जेवढा गप्प राहिलास तेवढा मला तुझा राग येत गेला. त्या दिवशी कुणी मला हात लावला नाही. आईनं मलाच जवळ घेतलं, घाबरलाय म्हणून. सगळ्यांनी मला सांभाळलं. तू दवाखान्यातनं आल्यावर मला म्हणालास, काय न्हाय झालं. तू असं म्हणालास म्हणून मी तुला क्षमा करू शकलो नाही. हे ऐकायला किती वेडगळ आहे ते मला बोलतानाच कळत होतं.

अण्णा विचार करताना वाजवतो तशी ती दोन आखूड बोटं त्यानं गुडघ्यावर हळूहळू वाजवली. मग म्हणाला, "हिकडं ये."

मी उठून त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. तो बसूनच म्हणाला, वाक. मला वाटलं जवळ घेणार. मी वाकलो आणि अण्णानं माझ्या थोबाडीत मारली. उगीच लाडाची नव्हे. शेतात चाळीस वर्षं राबलेल्या माणसाच्या हाताची, पुरी. चष्मा उडून उंबऱ्याजवळ पडला. अण्णानं आयुष्यात कुणावर हात उगारलेला मी बघितला नव्हता आणि बहुतेक त्यानंही बघितला नव्हता, कारण मारून झाल्यावर तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. वहिनी दारात येऊन उभी राहिली. मुलीनं वही मिटली.

"लागलं?" अण्णानं विचारलं.

मी व्हय म्हणालो. माझा गाल पेटला होता. मी एवढ्या लोकांत लहान पोरासारखा रडत होतो आणि मला थांबायचं नव्हतं. अण्णा म्हणाला, लागू दे, आणि मला बसायला आपल्या शेजारी जागा करून दिली.